शोभेचा कांदा



बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांची अशी समजूत झाली असेल की, कामगार-संघटनेत तीस वर्षे घालवलेला हा गृहस्थ कांद्यावर बोलणार म्हणजे कांद्याच्या भावावर बोलणार. भाव चढला की शहरातला कामगार रडतो, पडला की खेड्यातला त्याचा भाऊ रडतो, आणि १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत तर राज्यकर्तेही रडले. त्या रडण्यावर आम्ही पुष्कळ सभांतून बोललो आहोत. आज बोलायचे आहे ते कांद्याच्या फुलावर.

आम्ही येताना सहज एक प्रश्न मनाशी धरला होता, तो आधी विचारून टाकतो. या मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात आज सकाळपासून कांदा गेला असेल. चातुर्मास पाळणाऱ्यांनाही सध्या मुभा आहे. पण कांद्याचे फूल पाहिलेले किती जण आहेत? हात थोडेच वर आले, आणि जे आले ते बहुधा निफाड, येवला, जुन्नर, फलटण या बाजूंची मुळे असलेल्यांचे असावेत. त्यांना ते फूल 'डेंगळा' या नावाने ठाऊक आहे. कोणी डोंगळा म्हणतो.

आता शेतकऱ्याच्या तोंडी डेंगळा हा शब्द कौतुकाचा नाही. खाण्याच्या कांद्याच्या वाफ्यात थंडी जास्त काळ रेंगाळली की काही रोपे मधूनच ताठ पोकळ दांडा वर काढतात. दांड्याच्या टोकाला पातळ पापुद्र्याची पिशवी असते; ती फाटली की आतून शेकडो चिमुकल्या पांढऱ्या फुलांचा चेंडू बाहेर येतो. त्याला गोंडा म्हणतात. दिसायला सुरेख, पण तो पाहून मालकाचे काळीज चरकते, कारण कांद्याने साठवलेले सारे धन त्या दांड्यात आणि गोंड्यात खर्च होते. खाली उरतो तो मध्ये कडक दांडा असलेला, न टिकणारा कांदा. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. तात्पर्य, या एकाच वनस्पतीत पोट आणि शोभा यांचे हाडवैर आहे. गोंडा हवा तर कांदा सोडा, कांदा हवा तर गोंडा खुडा. आमच्यासारख्या भाकरीच्या मागणीवर जन्म काढलेल्या माणसाला हे वैर फार ओळखीचे वाटले, आणि म्हणून आम्ही या विषयाच्या नादी लागलो.

जगात कांद्याच्या कुळात नऊशेंहून अधिक जाती आहेत. शास्त्रज्ञ या कुळाला ॲलियम म्हणतात. त्यांतल्या खाण्याच्या जाती बोटांवर मोजण्याजोग्या: कांदा, लसूण, लीक आणि आणखी काही. बाकीच्या डोंगरदऱ्यांत आपल्याच आनंदात फुलतात. आपल्या हिमालयातही त्या आहेत. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक असलेल्या वॉलिक यांच्या नावाची एक जांभळ्या फुलांची जात नेपाळकडच्या उतारांवर उगवते. पण शोभेच्या कांद्यांचे खरे माहेर म्हणजे मध्य आशिया आणि त्याच्या पश्चिमेला इराण-तुर्कस्थानपर्यंतचा कोरडा डोंगराळ पट्टा. एकोणिसाव्या शतकात रशियाचे राज्य त्या बाजूला पसरले, तशी तिथली कांदेफुले सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती-उद्यानात येऊ लागली. तेथील संचालक एडुआर्ड रेगेल यांनी त्यांपैकी कितीतरी जातींना पहिल्यांदा शास्त्रीय नावे दिली. पुरुषभर उंच दांड्यावर जांभळा चेंडू धरणारा ॲलियम जायगँटियम हा त्यांनीच नाव दिलेला. कझाकस्तानच्या करातौ डोंगरावरून नाव पडलेला बुटका, रुंद निळसर पानांचा कॅराटाविएन्से हाही त्यांचाच. पुढे हॉलंडच्या माळ्यांनी ही मंडळी हाती घेतली, संकर केले, आणि आज युरोपातल्या मे-जून महिन्यांच्या बागेत हे जांभळे, पांढरे, गुलाबी, पिवळे गोल डोलताना दिसतात. त्यांत क्रिस्टोफी नावाची एक जात आहे. तिचा गोंडा वीतभर रुंद, आणि प्रत्येक फूल चांदणीसारखे टोकदार असते. शुबर्टी म्हणून दुसरी आहे. तिच्या फुलांचे देठ काही लांब, काही आखूड, त्यामुळे दिवाळीतला फुलबाजा पेटलेल्या क्षणी गोठवून ठेवावा तसा तिचा थाट.

यांची निगा कशी राखावी, यावर बागवानीच्या पुस्तकांत मोठ्या याद्या असतात. आम्हाला त्या पाठ होईनात. मग आम्ही एक युक्ती केली, जी संघटनेच्या कामात नेहमी उपयोगी पडते: माणूस कोणत्या गावाहून आला ते आधी विचारावे, म्हणजे त्याचे निम्मे वागणे कळते. या कांद्याचे गाव कसे? हिवाळ्यात बर्फ. मग दीड-दोन महिन्यांचा ओला वसंत. त्यानंतर भाजून काढणारा कोरडा उन्हाळा, ज्यात पान टिकणे अशक्य. एवढे लक्षात ठेवले की सारी यादी आपोआप सुटते. हिवाळ्याआधी मूळ धरावे लागते, म्हणून तिकडे गड्डे सप्टेंबर ते नोव्हेंबरात लावतात. गारठा आणि चिखल वरच्या थरात असतो, म्हणून गड्ड्याच्या उंचीच्या तिप्पट-चौपट खोल पुरतात. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही, म्हणून बागेतही पाण्याचा निचरा चोख हवा. भारी माती असेल तर खडी-वाळू मिसळायची, कारण ओल्या जागी झोपलेला गड्डा कुजतो. ऊन पूर्ण हवे. खत बेताचे, शेणखताच्या ढिगावर वाढायची त्यांना सवय नाही.

आणि पानांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. गोंडा उमलायच्या सुमारास यांची पाने टोकाकडून पिवळी पडून लोळू लागतात. नव्या बागवानाला वाटते, रोग आला, पाणी घाला. किंवा त्याहून वाईट, कुरूप दिसतात म्हणून कापून टाका. दोन्ही चुकीचे. ते पान आपल्यातला शेवटचा रस खाली गड्ड्यात उतरवीत असते, पुढच्या वर्षाच्या फुलासाठी. ते आपणहून वाळेपर्यंत हात लावायचा नाही. शहाणे माळी पुढच्या बाजूला दुसरी पसरट झाडे लावून ती मरती पाने झाकतात, म्हणजे लोकांना फक्त जांभळा चेंडू दिसतो. हे वाचताना आमच्या मनात जे आले ते आपल्याही मनात आले असेल, तेव्हा त्याचा विस्तार करीत नाही.

फूल सुकल्यावर गोंडा तसाच ठेवला तरी महिनोन् महिने शोभतो. बी पडले तर उगवते, मात्र त्या रोपाला पहिले फूल येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. घाई असणाऱ्यांनी गड्ड्याशेजारी धरलेली पिले सुटी करून लावावीत. शत्रू फार नाहीत, कारण त्या वासापुढे उंदीर-हरणे टिकत नाहीत. पण एक शत्रू भयंकर आहे. पांढरी कूज नावाची बुरशी मुळाशी लागते, आणि खसखशीएवढे तिचे काळे दाणे मातीत वीस वीस वर्षे दबा धरून बसतात. एकदा लागली की त्या जागेत कांद्याच्या कुळातले काहीच लावायचे नाही. रोगट गड्डा खताच्या खड्ड्यातसुद्धा टाकायचा नाही. घरात कुत्रे-मांजर असेल तर त्यांनी या कुळाचे काहीही खाऊ नये, तेवढे सांभाळावे.

आता आपण म्हणाल, हा सारा बंगलेवाल्यांचा खेळ झाला. हॉलंडहून गड्डे मागवायचे, माळी ठेवायचा. यात मजुराचा संबंध काय? आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या कपाटापुढे उभे राहून. कामाच्या तासांचा इतिहास शोधीत असताना इंग्लंडच्या खाणकामगारांच्या संघटनांवरचे पुस्तक हाती लागले, आणि त्यात ध्यानीमनी नसताना कांद्याच्या कुळातला एक इसम भेटला. त्याचे नाव लीक. आपल्याकडे मोठ्या भाजीबाजारात तो आता दिसतो. पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ म्हणा. खाली गोल कांदा धरीत नाही, जाड पांढरा बुंधा धरतो.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नॉर्थम्बरलँड आणि डरहॅम हे दोन कोळशाचे जिल्हे. तेथील खाणकामगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लीकच्या शर्यती लावल्या. वाढवायचा तो आखूड जातीचा लीक. पांढरा बुंधा, पहिले पान फुटते तिथपर्यंत, सहा इंचांहून लांब असता कामा नये. त्या जागेला ते बटण म्हणतात. म्हणजे उंचीत वाढायला बंदी, वाढायचे ते जाडीत. बुंध्याला ऊन लागू नये म्हणून भोवती पट्टी गुंडाळायची, तेव्हा तो दुधासारखा पांढरा राहतो. सप्टेंबरात वस्तीतल्या क्लबात टेबले मांडून दोन-दोन, तीन-तीन लीक एकत्र ठेवीत. ते अगदी एकसारखे हवेत. परीक्षक फितीने घेर आणि लांबी मोजून घनइंच काढी. पाने चिरलेली नकोत, तांबेऱ्याचा ठिपका नको, मुळे धुऊन विंचरलेली. हे लीक खाण्यासाठी नव्हते. एवढी मेहनत घेतलेली भाजी चुलीवर चढवायची असती तर कोणीही वर्षाच्या रात्री जागवल्या नसत्या.

रात्री जागवणे हे शब्दशः घ्यावे. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यांत मत्सरी हात अंधारात येऊन लीक कापून जात. म्हणून कित्येक जण बागेतल्या खोपट्यात पथारी टाकीत. खताचे मिश्रण प्रत्येकाचे गुप्त. कोणी बिअर पाजतो अशीही वदंता. संघटनेत एकमेकांसाठी जीव टाकणारी माणसे खताची कृती मात्र भावालाही सांगत नसत! पण बियाण्याच्या बाबतीत निराळे. उत्तम लीक निघाला की तो न खाता पुन्हा लावायचा. पुढच्या उन्हाळ्यात त्याला डेंगळा येतो. मग गोंड्यातली फुले कातरून टाकायची, म्हणजे बी न धरता त्या जागी गवताच्या काडीएवढी रोपे फुटतात. त्यांना तिकडे गवतच म्हणतात. हे प्रत्येक रोप हुबेहूब आईसारखे निघते, बियाण्यासारखे बदलत नाही. हिवाळ्यात ती सुटी करून काचेखाली वाढवायची, वसंतात बाहेर लावायची, सप्टेंबरात टेबलावर. असे एक आवर्तन दोन वर्षांचे. या गवताच्या जुड्या हातोहात जात, आणि माणूस गेल्यावरही त्याचा लीक वस्तीत राही. वर्षभर आठवड्याला थोडी थोडी वर्गणी जमे आणि त्यातून बक्षिसे घेत: कपाटे, घड्याळे, चहाची भांडी, ब्लँकेटे. म्हणजे शोभेच्या वाटेने शेवटी घरात काहीतरी येईच.

आमचा प्रश्न होता, यांना वेळ कोठून मिळाला? उत्तर सरळ नाही आणि आमच्या पेशाच्या माणसाला थोडे खजील करणारे आहे. त्या दोन जिल्ह्यांतला कोळसा फोडणारा अनुभवी गडी दिवसाला सातच्या आसपास तासच काम करी. त्याच्या संघटनेने हे पदरात पाडून घेतले होते. पण त्याच्या दोन पाळ्यांचा कोळसा ओढायला जी पोरे लागत, ती दहा दहा तास खाली राहत. बापाची बाग पोराच्या तासांवर फुलली होती. म्हणूनच देशभरचे खाणकामगार आठ तासांचा कायदा मागत असताना या दोन जिल्ह्यांच्या संघटना त्याला बराच काळ विरोध करीत राहिल्या. १९०८ साली कायदा झाला. त्या भागाला १९१० पासून लागू झाला. मालकांनी लगेच दोनच्या तीन पाळ्या केल्या, आणि संप पेटले. सर्वांत जास्त संताप घरच्या बायकांचा होता, कारण नवरा एका पाळीला, मुलगे दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला. चोवीस तास आंघोळीचे पाणी तापवायचे आणि ताट वाढायचे कोणी? मागणाऱ्याला बागेसाठी जमिनीचा तुकडा मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर घालणारा तिकडचा कायदाही १९०८ चाच. त्याने आधीचे कायदे एकत्र केले. तो तुकडा रूढीने दहा रॉडचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. तास आणि गुंठे एकाच वर्षी, एकाच पार्लमेंटातून. एकावाचून दुसरे फुकट. तिथल्या खाणी आता राहिल्या नाहीत. ॲशिंग्टनची १९८८ साली आणि एलिंग्टनची २००५ साली मिटली. लीकच्या शर्यती मात्र अजून भरतात.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती १८९० साली मान्य झाली. त्यांच्या मागणीत निव्वळ थकव्याची तक्रार नव्हती. रविवार हा खंडोबाचा वार आहे आणि तो आमचा आम्हाला हवा, असेही त्यांचे म्हणणे होते. आम्ही हे कामगारांच्या अभ्यासवर्गात अनेकदा शिकवले. शिकवणे निराळे आणि वेळ आल्यावर वागणे निराळे, याचा एक दाखला आम्हाला स्वतःचाच द्यावयाचा आहे. नावे सांगत नाही.

एका कारखान्यात फिटर खात्यात निफाडकडचे एक वयस्क कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कँटीनमध्ये मोड आलेले कांदे फेकून देत. मामा ते उचलून कुंपणाच्या भिंतीशी लावीत. पौष-माघात तिथे पंचवीस-तीस गोंडे डोलायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत माणसे डबा घेऊन तिकडे जाऊन बसायची. त्या गोंड्यांवर इतक्या मधमाश्या यायच्या की यंत्रांचा आवाज थांबला की त्यांचा ऐकू यायचा. पुढे कराराची वेळ आली तेव्हा मामांनी एक मागणी सुचवली: भिंतीलगतची आठ फुटांची पट्टी बागेसाठी राखावी आणि एक नळ द्यावा. आमच्याच कमिटीत हशा झाला. तरी मामांच्या शब्दाखातर ती चौदावी मागणी म्हणून आम्ही लिहिली. वाटाघाटीच्या पहिल्याच तासात समोरच्या साहेबांनी विचारले, "या पट्टीतून उत्पन्न काय?" आम्हाला उत्तर सुचले नाही. खरे म्हणजे आम्ही ते शोधलेच नव्हते. ती मागणी आम्ही धुलाई भत्त्याच्या दहा रुपयांवर सोडून दिली, आणि बाहेर येऊन मोठा सौदा केल्यासारखे सांगितले. पावसाळ्याआधी त्या पट्टीवर फरशी घालून स्कूटर-स्टँड झाले.

मामांना आम्ही भेटलो तेव्हा ते इतकेच म्हणाले, "असू द्या भाऊ, भत्ता सगळ्यांना मिळाला." त्यात टोमणा नव्हता. असता तर आम्हाला बरे वाटले असते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी आमच्या हाती दिली. काळे, कोनेदार, तिळाएवढे बी. आम्ही ती संघटनेच्या कचेरीत मागणीपत्रांच्या फायलीत ठेवली आणि विसरलो. तीन वर्षांनी सापडली तेव्हा कुंडीत पेरली. एकही दाणा उगवला नाही. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर तग धरते, हे आम्हाला तेव्हा कळले.

तेव्हापासून कचेरीच्या गॅलरीत आम्ही कांदा लावतो, आणि त्याची कृती सांगून आपली रजा घेतो. हॉलंडचे गड्डे आपल्या हवेत मागवू नयेत. त्यांना जी दीर्घ थंडी हवी ती नाशिक-पुण्यातही मिळत नाही. एक वर्ष पाने येतील आणि पैसे जातील. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात कांद्याच्या रानटी भावंडांचा संग्रह राखलेला आहे, ते काम जाणत्यांचे. आपण आपला घरचा रब्बी कांदाच घ्यावा. दिवाळीच्या आगेमागे, टोपलीतला मोड आलेला, घट्ट, मध्यम कांदा निवडावा. मऊ पडलेला नको. वीतभर खोल कुंडी किंवा तेलाचा डबा चालेल, पण तळाला भोके हवीत. निम्मी माती, थोडे कुजलेले शेणखत, थोडी वाळू. मान वर राहील असा पुरावा. दिवसभर ऊन लागेल तेथे ठेवावा. पाणी माती सुकू लागली की, रोज नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत दांडे येतील, एका कांद्याला चार-सहासुद्धा. वाऱ्याने मोडतात, म्हणून काठीला सैल बांधावे. गोंडा फुलला की कीडनाशक फवारू नये, नाहीतर माश्या मरतील आणि बी धरणार नाही. मार्च-एप्रिलात गोंडा तपकिरी होऊन आतले काळे दाणे दिसू लागले की तो दांड्यासह कापून सावलीत वाळवावा आणि तळहातावर चोळावा.

यंदाचे बी गेल्याच महिन्यात काढले आहे. मांडवाच्या दाराशी टेबलावर शंभर पुड्या ठेवल्या आहेत, जाताना एकेक घ्यावी. वर्गणी नाही, पावती नाही. पेरायचे ऑक्टोबरात, आणि त्या रोपाचा कांदा पुढच्या दिवाळीला पुन्हा लावला म्हणजे मग गोंडा. पुडी फायलीत ठेवू नये.